तक्त्यात बाबा कुठे आहेत?

पुण्यातल्या एका वाचकाच्या लांब पत्राचा हा सारांश. वय 43, भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात सुपरवायझर, चर्चच्या पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, सेक्रेटरी. घरी पत्नी, आठवीतली मुलगी आणि वडील. दीड वर्षापूर्वी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जवळपास बंद झालं. दिवसा पत्नी बघते, रात्रीची जबाबदारी यांची.

ख्रिस्तासारखं व्हायचं म्हणून हे बंधू अनेक वर्षं एक वही ठेवतात. बायबलमध्ये पौलाने दिलेल्या ‘आत्म्याच्या फळा’च्या यादीचे, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांचे, नऊ रकाने आखलेले आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. रोज झोपण्यापूर्वी प्रत्येकाला दहापैकी गुण. सहनशीलता तीनच्या वर जातच नाही. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या, दुसऱ्या आठवड्यात, उपासाच्या दिवशी, सेकंड शिफ्ट करून ते घरी आले तर वडिलांचं अंथरूण ओलं. कपडे बदलताना वडील रडायला लागले. यांनी त्यांचं मनगट इतकं आवळलं की सकाळी वळ दिसत होते. मुलगी दारात उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती आपली गादी आजोबांच्या खोलीत टाकून झोपते. एक शब्द बोललेली नाही.

ते विचारतात: वीस वर्षं विश्वासात काढून मी हा असा? माझं तारण झालंय तरी का? कमिटी सोडू? उपास-प्रार्थना वाढवू? की बाबांना वृद्धाश्रमात ठेवू? आणि अगदी शेवटी एक ओझरतं वाक्य आहे: ‘बाबा लहानपणी फार कडक होते, पट्ट्याने मारायचे, पण ते आता सोडून द्या.’

प्रिय बंधू,

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या आधी मनगट. बाबांना तो हात सोडवून घेता येत नव्हता आणि ‘सोड’ असं म्हणताही येत नव्हतं. हे पुन्हा होता कामा नये. ‘मी ठरवलंय, आता नाही होणार’ एवढ्यावर मात्र मी विसंबणार नाही, तुम्हीही विसंबू नका. मध्यरात्री उपाशीपोटी घरी आलेल्या माणसाच्या निश्चयात फार बळ नसतं. म्हणून आजच घरात नियम करा: राग चढतोय असं जाणवलं की हात बाजूला. बाबा पलंगावरून पडणार नाहीत एवढं बघा आणि खोलीबाहेर या. पत्नीला उठवा. अंथरूण आणखी दहा मिनिटं ओलं राहिलं तरी चालेल. हा नियम पत्नीला दिवसाउजेडी सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी काही समजावत बसावं लागणार नाही.

आता वही. स्वतःची झडती घेण्यात काही चूक नाही. 139 व्या स्तोत्राच्या शेवटी तर तशी प्रार्थनाच आहे. पण तिथे भक्त देवाला म्हणतो, तू माझं मन तपास. तुमच्या वहीत तपासणारे तुम्ही, तपासले जाणारे तुम्ही आणि शेरा मारणारेही तुम्हीच. त्या रात्रीची नोंद तुम्ही मला उतरवून पाठवली आहे: ‘सहनशीलता 1, सौम्यता 0, इंद्रियदमन 1.’ मी ती पुनःपुन्हा वाचली. तिच्यात बाबा कुठेच नाहीत. त्यांचं मनगट ठणकत होतं का, नंतर त्यांना झोप लागली का, दारातली पोर किती वाजता झोपली, यातलं काहीच नाही. घरात तीन माणसं दुखावली गेली आणि वहीत फक्त तुमचे गुण कमी झाले.

पौलाने ही यादी कुणाला लिहिली ते बघा. गलतीकरांस पत्राच्या त्याच पाचव्या अध्यायात, यादीच्या जरा आधी, तो त्या मंडळीला बजावतो की तुम्ही एकमेकांना चावत आणि खात राहिलात तर एकमेकांचा नाश कराल. भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेलं ते पत्र आहे. सहनशीलता, ममता, सौम्यता समोर दुसरं माणूस असल्याशिवाय दिसायच्या कुठे? तुमच्या सहनशीलतेला गुण द्यायचेच असतील, तर तो अधिकार त्या पलंगावरच्या माणसाचा आहे.

माझं ऐकाल तर ईस्टरपर्यंत वही कपाटात ठेवा. फाडू नका, जाळू नका, नुसती ठेवा. झोपण्यापूर्वीची ती दहा मिनिटं प्रभूला दिवस सांगण्यात घालवा. आकडे नकोत, घडलं ते घडलं तसं: ‘प्रभू, आज मी बाबांवर ओरडलो, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.’ सुरुवातीला हे वहीपेक्षा फार जड जाईल. आकडा लिहिला की मनाला कबुली दिल्यासारखं वाटतं. माणसाचं नाव घेऊन सांगायला लागलं की ते माणूस डोळ्यांसमोर येतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही धरूनच चालला आहात की ख्रिस्ती जीवनातली वाढ दर वर्षी वर जाणाऱ्या रेघेसारखी असते. तशी ती पवित्र शास्त्रात मला तरी कुणाची दिसलेली नाही. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचंच घ्या. वल्हांडणाच्या रात्री, प्रभूला धरून नेलं तेव्हा, एका दासीसमोर तो घाबरला आणि प्रभूला नाकारलं. मग पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, पवित्र आत्मा उतरला आणि तोच पेत्र यरुशलेमेत हजारोंसमोर उभा राहून बोलला. इथे गोष्ट संपावी असं आपल्याला वाटतं. पण त्यानंतर कित्येक वर्षांनी अंत्युखियात तो विदेशी बांधवांबरोबर जेवत असताना यरुशलेमेहून काही मंडळी आली, आणि लोक काय म्हणतील या भीतीने पेत्र त्या पंगतीतून बाजूला झाला. पौलाला सगळ्यांदेखत त्याला बोलावं लागलं. तीच जुनी भीती, तोच स्वभाव. तरी पेत्राचं तारण खोटं होतं असं पौल म्हणत नाही. त्याचं वागणं सुवार्तेच्या सत्याशी जुळत नाही, एवढंच तो म्हणतो, आणि ते तोंडावर म्हणतो.

आपल्याकडेही हेच आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं आपण दर रविवारी भरल्या गळ्याने गातो. त्यांचा तापट स्वभाव त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त जराही झाकलेला नाही, आणि हातातलं सगळं दुसऱ्याला देऊन टाकणारं त्यांचं मनही त्याच पानांत आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. 1890 मध्ये त्यांचं शारदा सदन, विधवांसाठी काढलेली शाळा, मुंबईहून पुण्याला आलं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला जे उमगलं ते त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं आहे: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. विधवांसाठी सर्वस्व पणाला लावलेल्या बाईने हे लिहिलं. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. त्यामुळे वीस वर्षांनंतर तुम्हाला असा प्रश्न पडतोय याची मला धास्ती वाटत नाही. तो पडला नसता तर वाटली असती.

नारायणगावकडे तुमचे कुणी द्राक्ष बागायतदार ओळखीचे असतील तर त्यांना विचारा. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर कितीतरी महिने वेलीवर एकही घड घेत नाहीत. नुसत्या काड्या वाढतात, पिकतात, आणि पुढच्या हंगामाचे घड ज्यातून येणार ते डोळे त्या काडीच्या आत तयार होतात. मे महिन्यात बागेत जाऊन कुणी दहापैकी गुण द्यायला बसलं तर शून्यच देईल. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, पित्याला बागायतदार, आणि फाट्यांना एकच काम सांगतो: माझ्यामध्ये राहा. छाटणी कधी करायची, घड कधी धरू द्यायचे, हे फाट्याकडे दिलेलंच नाही. तुम्ही मात्र बागायतदाराचं रजिस्टर स्वतःकडे घेऊन बसला आहात.

‘माझ्यामध्ये राहा’ म्हणजे नेमकं करायचं काय, हे तुम्ही विचाराल. मी एवढंच सुचवेन की मार्ककृत शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, आणि रोज एकच प्रसंग सावकाश वाचा. स्वतःला काय लागू पडतं ते लगेच शोधू नका. फक्त प्रभूकडे बघा: समोर कोण होतं आणि त्याने त्या माणसाचं काय केलं? पाचव्या अध्यायात याईराची मुलगी मरणातून उठते, घरातले सगळे थक्क होऊन उभे आहेत आणि प्रभू सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. आठव्या अध्यायात बेथसैदाला एका आंधळ्याला त्याच्याकडे आणतात. प्रभू त्याचा हात धरतो आणि त्याला चालवत गावाबाहेर नेतो. न दिसणाऱ्या माणसाला हाताला धरून न्यायचं तर त्याच्या पावलाने चालावं लागतं. मग प्रभू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. प्रभू त्याच्यावर रागावत नाही, पुन्हा एकदा हात ठेवतो. ज्यांना आपण अर्धेच बदललोय असं वाटतं, त्यांनी तिथे रेंगाळावं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की प्रभूचं वैभव पाहत असताना आपलं रूपांतर होत जातं. आपण पाहतो कुणाकडे, यावर सगळं आहे, आणि वहीत तुम्ही स्वतःकडेच पाहत आलात.

आता ते ‘सोडून द्या’. मी सोडणार नाही, कारण तुम्हीही ते सोडलेलं नाही. चार पानांच्या पत्रात पट्ट्याला तुम्ही एक ओळ दिलीत, पण ती दिलीत. तुमची अशी समजूत दिसते की ख्रिस्तासारखा माणूस झालेलं गेलेलं गिळून टाकतो. योहानाचा अठरावा अध्याय उघडा. प्रमुख याजकाच्या घरी एक शिपाई प्रभूला चपराक मारतो. प्रभू उलटा हात उगारत नाही, पण गप्पही बसत नाही. तो विचारतो: मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? मार हा मार होता, हे तो म्हणतो. तुमच्या बाबतीत ते कुणी म्हटलंच नाही. घरात पट्टा आणि रविवारी पहिल्या बाकावर बाबा, हे बघत तुम्ही मोठे झालात, आणि आता तेच बाबा तुमच्या हातात असहाय पडले आहेत. त्या रात्रीच्या रागात शिफ्टचा थकवा होता, उपासाची भूक होती, पण दहा वर्षांचा एक मुलगाही होता असं मला पत्र वाचून वाटतं. त्याचं म्हणणं पाळकसाहेबांजवळ किंवा एखाद्या समुपदेशकाजवळ तोंडाने बोला. क्षमा त्यानंतरची आहे. काय झालं हेच कबूल केलं नाही, तर क्षमा कशाची करणार?

एक गोष्ट कदाचित तुम्हाला कुणी सांगितली नसेल. झटक्यानंतर बऱ्याच रुग्णांचं रडणं आणि हसणं त्यांच्या ताब्यात राहत नाही. मेंदूचा तो भागच दुखावलेला असतो. कारण नसताना, किंवा कारण असेल त्यापेक्षा कितीतरी जास्त, रडू फुटतं. ‘मी काही केलं की हे मुद्दाम रडतात’ असं तुम्ही लिहिलंय. ते मुद्दाम नसण्याचीच शक्यता जास्त आहे. शिवाय झटका आलेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढे नैराश्य येतं, आणि दोन्हींवर औषधं आहेत. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असंही समजू नका. बोलणं गेलेल्या अनेकांना समोरच्याचं बरंचसं समजत असतं.

म्हणूनच त्यांची माफी मागा. रात्री नको, तुमच्या सुटीच्या दिवशी, दुपारी, ते ताजेतवाने असताना. त्यांच्या चांगल्या, म्हणजे डाव्या बाजूला खुर्ची घेऊन बसा, डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर. वाक्यं छोटी ठेवा. ‘बाबा, त्या रात्री मी तुमचा हात आवळला. तुम्हाला दुखलं. माझं चुकलं.’ पुढे ‘पण’ लावू नका. पट्ट्याचा विषय त्याच बैठकीत नको. हिशेब चुकता केल्यासारखं होईल. ते रडतील, तोंड फिरवतील किंवा काहीच करणार नाहीत. ‘मला माफ केलं ना?’ असं विचारून त्यांच्याकडून काही काढून घेऊ नका. तुमच्या मुलीने जे पाहिलं ते तिच्यासमोरच दुरुस्त व्हायला हवं, म्हणून तिला खोलीत बसू द्या. मग तिच्याशी वेगळं बोला. गादी परत आण असं मात्र सांगू नका.

कमिटीचं म्हणाल तर राजीनामा देऊ नका, पण आहे तसंही चालू ठेवू नका. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. अर्पण टाकून दे असं तो म्हणत नाही. पाळकसाहेबांना भेटा, खरं कारण सांगा आणि काही महिन्यांची रजा मागा. लाजेने काढलेल्या राजीनाम्यापेक्षा हे अवघड आहे, कारण त्यात मनगटाबद्दल बोलावं लागतं. आणि एक प्रश्न स्वतःला विचारून बघा: आठवड्यातल्या तीन संध्याकाळी चर्चच्या कामात जात होत्या, त्यांतली एखादी तरी घर टाळण्यासाठी होती का? चर्चमध्ये तुम्हाला ‘शांत ब्रदर’ म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. तिथे तुम्ही खरोखरच शांत असाल. तिथे कुणाचं अंथरूण बदलावं लागत नाही.

उपास वाढवणं तर मला अजिबात पटत नाही. यशयाचा 58 वा अध्याय उपासावरच आहे. तुम्ही उपास करता आणि मुठी उगारता, असं तिथे देव आपल्या लोकांना सुनावतो. त्याला आवडणारा उपास कोणता ते सांगताना, भुकेल्याला भाकर दे, उघड्याला वस्त्र दे असं म्हणत म्हणत तो शेवटी स्वतःच्या रक्तामांसाच्या माणसाला तोंड लपवू नकोस यावर येऊन थांबतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात उपास करू नका. जेवून घरी या.

वृद्धाश्रमाबद्दल मनात अपराधीपणा नको. वधस्तंभावरून प्रभूने आपली आई शिष्याच्या हाती सोपवली. आईची काळजी दुसऱ्या हातांनी घेतली जाणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही. तरी मी आधी घरात मदत आणण्याच्या बाजूची आहे. नर्सिंग ब्युरोमार्फत रात्रीचा माणूस मिळतो; रोज परवडत नसेल तर निदान सेकंड शिफ्टच्या आठवड्यांत ठेवा. भावंडं असतील तर पैशाचं स्पष्ट बोला. हे सगळं करूनही हात पुन्हा उठला, तर मात्र चांगली संस्था शोधा. वेळ घालवू नका आणि त्याला हार म्हणू नका.

इथे थोडं तुम्हाला सोडून इतरांसाठी लिहिते. घरी आजारी सासू, चिडचिडा नवरा, हट्टी लेकरू असलेल्या अनेक बहिणींची पत्रं येतात आणि त्यांनाही ‘ख्रिस्तासारखं सहन कर’ असं सांगितलेलं असतं. वहीऐवजी प्रभूला दिवस सांगणं, मार्क सावकाश वाचणं, चुकलं त्या माणसाची थेट माफी मागणं, हे त्यांनाही उपयोगी पडेल. पण घरात ज्यांच्यावर हात उगारला जातो त्यांना मी सहन करा असं कधीही सांगणार नाही. मार खात राहणं हे ख्रिस्तासारखं होणं नव्हे. महिलांसाठी 181 आणि ज्येष्ठांसाठी 14567 या मदतवाहिन्या आहेत. फोन करा, आणि मंडळीतलं कुणी ‘घरातलं घरात ठेव’ म्हणालं तरी करा.

बंधू, या आठवड्यात बाबांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. रडण्याबद्दल आणि नैराश्याबद्दल विचारा. रात्रीच्या लघवीसाठी डायपर बरा की युरिन पॉट, संध्याकाळनंतर पाणी किती द्यायचं, हे स्वतःच्या मनाने ठरवू नका, त्यांनाच विचारा. बाबांना कुशीवर वळवून चादर एकट्याने कशी बदलायची ते फिजिओथेरपिस्ट किंवा नर्सकडून प्रत्यक्ष करून बघा. ते जमलं की निम्मी झटापट थांबते. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर आडवी छोटी चादर घाला, म्हणजे अख्खं अंथरूण काढावं लागणार नाही. तिथे गेलाच आहात तर तुमचंही बीपी तपासून घ्या. आणि हे उत्तर पाळकसाहेबांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा.